मास्क शिवायला बसणाऱ्या आजी-आजोबांसाठी काय तयार ठेवशील

चि.,
अनेक आशीर्वाद.

ओळखीतल्या निवृत्त मंडळींकडून मास्क शिवून घ्यायचं ठरवलंस, हे फार चांगलं केलंस. घरात अडकून पडलेल्या माणसाच्या हाताला काम मिळेल. फक्त एक गोष्ट आधीच पक्की कर. ही मंडळी एका खोलीत जमून शिवणार नाहीत. कोरोनाचा सगळ्यांत जास्त धोका त्यांनाच आहे. कापलेल्या तुकड्यांचं पुडकं दारात ठेवायचं आणि तयार मास्क दारातूनच उचलायचे. म्हणजे तुझं खरं काम शिवणकामाच्या आधीचं आहे. पुडकं बिनचूक भरलं तर मास्क चेहऱ्याला नीट बसेल. कडेला फट राहिली, तर मधे कितीही चांगलं कापड घातलं तरी हवा त्या फटीतूनच ये-जा करणार.

कापडाचे थर तीन. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये शिफारस केली ती अशी: आत ओलावा शोषणारं सुती, बाहेर ओलावा न शोषणारं पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टर-सुती मिश्र, आणि मधे नॉनवोव्हन पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे न विणलेलं प्लास्टिकच्या तंतूंचं कापड. सुती आणि मिश्र कापड घेण्याआधी उजेडासमोर धर. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर ते बाजूला ठेव. होजिअरी, म्हणजे बनियनचं कापड, नको, कारण ताणली की तिची छिद्रं मोठी होतात. फार जाड कापडही नको. ते सुरक्षित वाटतं खरं, पण त्यातून श्वास ओढावा लागला की हवा सोपी वाट धरते आणि गालाजवळून आत शिरते. मास्क तयार झाला की घालून जिना चढून पाहा. धाप लागत असेल तर कापड बदल.

सुती कापड गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच काप. पहिल्या धुण्यात ते शेकडा ३ ते ५ सहज आटतं. वीस सेंटिमीटरचा तुकडा त्यात एक सेंटिमीटरपर्यंत कमी होतो, आणि आतला थर आटून बाहेरचा तसाच राहिला तर मास्क वेडावाकडा ओढला जातो.

मोठ्या माणसाच्या मास्कसाठी प्रत्येक थराचा तुकडा २० सेंमी रुंद आणि १९ सेंमी उंच काप, कापडाच्या उभ्या धाग्याला धरून. उरेब, म्हणजे तिरका, कापलेला तुकडा शिवताना ताणला जातो. साधारण ११२ सेंमी पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, एक मीटर कापडात, किनार सोडून, पाच गुणिले पाच असे पंचवीस तुकडे बसतात. इलॅस्टिक प्रत्येक कानाला १८ सेंमी, म्हणजे मास्कमागे ३६ सेंमी, आणि दहा मीटरच्या गुंडीत सत्तावीस मास्क. इलॅस्टिक मिळेनासं झालं तर ४५ सेंमीच्या चार नाड्या लाव. नाडी डोक्यामागे बांधता येते, त्यामुळे ती प्रत्येकाच्या मापाला जुळते आणि श्रवणयंत्र लावणाऱ्यांच्या कानामागे गर्दी होत नाही. नाकाशी १० सेंमी ॲल्युमिनियमची पट्टी हवी. लोखंडी तार धुण्याने गंजते. पट्टीची टोकं दुमडून दे, नाहीतर ती कापड फाडून बाहेर येतात.

शिवताना आधी आतलं कापड सुलटी बाजू वर करून ठेवायचं. दोन्ही बाजूंना वरच्या व खालच्या कोपऱ्यात इलॅस्टिकची दोन टोकं, मधला भाग आतल्या बाजूला. त्यावर बाहेरचं कापड उलटी बाजू वर करून, आणि सगळ्यांत वर नॉनवोव्हन. एक सेंटिमीटर आत चौफेर टीप मारायची, वरच्या कडेला मधोमध पाच सेंटिमीटर उघडं ठेवून. टाका अडीच मिलिमीटरचा. इलॅस्टिकच्या टोकांवर दोनदा पुढेमागे. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. एक तर इलॅस्टिकला पीळ पडतो, नाहीतर त्याचा मधला भाग बाजूच्या टिपेत अडकतो आणि मास्क सुलटा केल्यावरच ते कळतं. म्हणून इलॅस्टिक आधी कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायला सांग. टाचण्या लावायच्याच असतील तर शिलाईच्या बाहेरच्या पट्टीत, मधे टोचली तर भोक राहतं.

कोपरे छाटून मास्क सुलटा करायचा. उघड्या भागातून पट्टी आत सरकवायची, कडेपासून दोन मिलिमीटरवर एक टीप आणि पट्टीच्या खालून दुसरी. पट्टीजवळ मशीन पायाने किंवा मोटारीवर चालवू नये, चाक हाताने फिरवावं. सुई पट्टीवर आपटली तर तुकडा डोळ्याकडे उडतो. त्या वेळी चष्मा असू दे, नंबर नसला तरी.

मग तीन चुण्या, प्रत्येकी १.२ सेंमी खोल, बाहेरच्या बाजूने तोंड खाली. तोंड वर राहिलं तर घडीत धूळ आणि शिंतोडे साचतात. बाजूची उंची पावणेदहा-दहा सेंटिमीटर उतरली पाहिजे. पुठ्ठ्यावर चुण्यांच्या खुणा करून प्रत्येक पुडक्यात एक दे, म्हणजे सगळ्यांचे मास्क सारखे उतरतील. बाजूच्या टिपेखाली कापडाचे नऊहून जास्त थर येतात. बारीक सुई तिथे टाके सोडते किंवा मोडते, म्हणून त्या टिपेला सोळा नंबरची सुई हवी.

इस्त्रीबद्दल बजावून सांग. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं आणि सुतीची इस्त्री त्याहून खूप तापते. मधला थर घातल्यावर इस्त्री मंदच, वरून कापड ठेवून.

आता माणसांचं. निवृत्त माणसाकडे दिवस लांब असतो, पण डोळे आणि कंबर तेवढ्याच वेळाच्या नसतात. ‘आज किती झाले?’ असं रोज विचारू नकोस. आकड्याच्या ओढीने माणूस उठायचं विसरतो आणि चौथ्या दिवशी मानेने अंथरूण धरतो. पाऊण तासाने उठून फेरी मारायला सांग. दहा-बारा सुया तूच दोरा ओवून दे. पांढऱ्या कापडाला किंचित गडद दोरा दे, म्हणजे टीप दिसेल. अंगठ्याच्या सांध्याला दुखणं असेल त्यांना कात्री देऊच नकोस, चुण्या घालणं आणि तपासणी द्यावी. शिवणकाम अजिबात न आलेलेही हवेतच. इलॅस्टिक मोजून कापणं, दहा-दहाची पुडकी भरणं ही कामं चोख माणसाचीच आहेत.

मास्कसोबत चिठ्ठी घाल: वापरण्याआधी धुवा, नंतर रोज साबणाने ६० अंशांच्या पाण्यात धुवा, किंवा साध्या पाण्यात साबणाने धुऊन एक मिनिट उकळा, ओला झाला की बदला, दोन वर्षांखालच्या मुलांना घालू नका.

पहिले दहा मास्क झाले की एक कोरा आणि एक दहा वेळा धुतलेला माझ्याकडे पाठव. इलॅस्टिकचे सांधे कुठे सुटले ते पाहून पुढच्या पुडक्यांत काय बदलायचं ते कळवेन.