तंत्रप्रश्न : मेल एकीकडे दिसतो, दुसरीकडे नाही

प्रश्न : दुकानातल्या कॉम्प्युटरवर आउटलुक 2016 आहे, खिशात फोन आहे, घरी मुलीचा लॅपटॉप. पत्ता आमच्या स्वतःच्या डोमेनचा, तिन्हीकडे पासवर्ड एकच. रात्री फोनवर दिसणारे मेल सकाळी दुकान उघडलं की फोनवरून नाहीसे होतात. लॅपटॉपवर तर जुनं काहीच नाही. अकाउंट काढून पुन्हा टाकू का?
— हार्डवेअर व्यापारी, सांगली

उत्तर : काहीही काढू नका. मेल नाहीसे होत नाहीत, दुकानातला कॉम्प्युटर ते सर्व्हरवरून (मेल साठवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरून) उचलून स्वतःकडे ठेवतो. तिथलं अकाउंट पॉप पद्धतीचं असणार. पॉप मेल उतरवून घेतं आणि तशी सेटिंग असेल तर सर्व्हरवरची प्रत पुसतं. फोन आणि लॅपटॉप आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवून दाखवणाऱ्या पद्धतीवर) असतील, तर सर्व्हरवर जे उरलंय तेवढंच ते दाखवणार. म्हणजे फोन बिचारा खरंच सांगतोय.

खात्री करायला आउटलुकमध्ये 'फाइल', मग 'अकाउंट सेटिंग्ज' उघडा. यादीतल्या 'टाइप' रकान्यात पॉप लिहिलं असेल तर निदान पक्कं.

आधी गळती थांबवा. त्याच यादीत अकाउंट निवडून 'चेंज', 'मोअर सेटिंग्ज', 'अ‍ॅडव्हान्स्ड' असं जा. 'लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर' वर टिक करा. खालची '14 दिवसांनी काढून टाका' ही टिक मात्र काढा. ती राहिली तर हाच प्रश्न पंधरवड्याने परत येतो.

मग बॅकअप. तुमचा सगळा जुना पत्रव्यवहार आता एकाच पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकच्या साठवणीच्या फाइलमध्ये) आहे, बहुधा 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरमध्ये. आउटलुक पूर्ण बंद करा (चालू असताना ती फाइल कॉपी होत नाही) आणि ती बाहेरच्या डिस्कवर घ्या. तिचा आकारही लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पॉप अकाउंटचं जागच्या जागी आयमॅप होत नाही. कंट्रोल पॅनलमधल्या 'मेल'मधून नवं प्रोफाइल (आउटलुकमधल्या अकाउंटचा वेगळा संच) तयार करा आणि त्यात हाच पत्ता आयमॅप म्हणून भरा. येणाऱ्या मेलसाठी पोर्ट 993, एसएसएल (एसएसएल आणि स्टार्टटीएलएस या जोडणी सुरक्षित करण्याच्या पद्धती). जाणाऱ्यासाठी 465 एसएसएलसह किंवा 587 स्टार्टटीएलएससह. ही जोडी उलटी झाली की मेल 'आउटबॉक्स'मध्ये अडकतो. सर्व्हरचं नाव होस्टिंगवाल्यानं दिलेलं असतं, ते अंदाजानं टाकू नका. आउटलुक नव्या प्रोफाइलनं उघडेल असं ठरवून घ्या, जुनं पुन्हा उघडू नका.

आता 'फाइल', 'ओपन अँड एक्स्पोर्ट' मधून जुनी पीएसटी उघडा आणि मेल नव्या अकाउंटच्या फोल्डरमध्ये कॉपी करा, दोन-तीनशेच्या टप्प्यांनी. हजारो मेल एकदम ओढले की मध्येच कनेक्शन तुटतं आणि कुठपर्यंत गेलं ते कळत नाही. त्याआधी सर्व्हरवरची तुमची जागा पाहा. होस्टिंगबरोबर मिळालेली पेटी 1 जीबीची आणि पीएसटी 6 जीबीची असेल तर सगळं मावणार नाही, आणि भरलेल्या पेटीत नवे मेलही येत नाहीत. शेवटच्या दोन वर्षांचे वर न्या, बाकीचे पीएसटीमध्येच राहू द्या.

'काढून पुन्हा टाका' हा सल्ला जो तो देतो. आयमॅप असलेल्या फोनवर तो निर्धोक आहे. पॉपवर नाही : काही अ‍ॅप अकाउंटबरोबर उतरवलेले मेलही पुसतात.

प्रश्न : ऑफिसच्या सामायिक पत्त्याचा पासवर्ड बदलला. सातही कॉम्प्युटरवर नवा टाकला. तासाभरात सगळीकडे 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' असं येऊ लागलं. घरून मात्र सगळं चालतं.
— कर सल्लागार, नाशिक

उत्तर : घरून चालतं हाच दुवा आहे. ऑफिसच्या वायफायवरचा एक फोन मोबाइल डेटावर घ्या. लगेच चाललं, तर सर्व्हरनं तुमच्या ऑफिसचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख क्रमांक) अडवलाय. सातही कॉम्प्युटर बाहेरून एकाच आयपीने दिसतात. त्या जाळ्यातलं कुठलं तरी यंत्र अजून जुना पासवर्ड दर काही मिनिटांनी पाठवतंय. सर्व्हरला तो चोरीचा प्रयत्न वाटतो आणि तो सगळ्यांनाच दार बंद करतो.

गुन्हेगार बहुतेक वेळा कॉम्प्युटर नसतोच. स्कॅन करून थेट मेल पाठवणारा झेरॉक्स-प्रिंटर आधी पाहा : ब्राउझरमध्ये त्याचा आयपी टाकून आत शिरलात की ई-मेल किंवा एसएमटीपी (मेल पाठवण्याच्या) सेटिंगमध्ये पासवर्ड सापडेल. मग कपाटातला चार्जिंगला लावलेला टॅब्लेट आणि कर्मचाऱ्यांचे फोन. ते यंत्र सुधारल्यावरच होस्टिंगवाल्याला आयपी मोकळा करायला सांगा. क्रम उलटा केलात तर थोड्या वेळात पुन्हा तेच.

संदेशात 'मॅक्सिमम नंबर ऑफ कनेक्शन्स' असे शब्द असतील तर रोग वेगळा. डव्हकॉट हा सर्व्हर बऱ्याच होस्टिंगवर असतो आणि त्यात एका वापरकर्त्याला एका आयपीवरून मूळ सेटिंगनुसार 10 जोडण्या मिळतात. जीमेलमध्ये एका अकाउंटला एका वेळी 15. थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम एकटाच 5 जोडण्यांपर्यंत उघडतो. तिघांनी तो उघडला की कोटा संपला. त्याच्या 'सर्व्हर सेटिंग्ज', 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये तो आकडा 1 किंवा 2 करा.

प्रश्न : जीमेलचा पासवर्ड ब्राउझरमध्ये चालतो, जुन्या मेल प्रोग्राममध्ये चुकीचा म्हणतो.
— निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : पासवर्ड बरोबर आहे, तो घ्यायची पद्धत गूगलनं बंद केली. वैयक्तिक अकाउंटसाठी नुसत्या पासवर्डनं बाहेरच्या अ‍ॅपला आत घेणं 30 मे 2022 पासून थांबलं. प्रोग्राममध्ये 'साइन इन विथ गूगल' असेल तर तेच वापरा. नसेल तर आधी द्विस्तरीय पडताळणी चालू करा, मग गूगल अकाउंटमध्ये 'अ‍ॅप पासवर्ड' तयार करा. 16 अक्षरं मिळतील, ती नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाका. मुख्य पासवर्ड बदलला की हे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात, हे ध्यानात ठेवा. आउटलुक डॉट कॉमच्या पत्त्याला मात्र ही पळवाट नाही. तिथे 16 सप्टेंबर 2024 पासून नव्या पद्धतीचं साइन-इन येणारं अ‍ॅपच लागतं.

प्रश्न : आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये जीमेल अर्धा तास उशिरा येतो.
— वाचक, मस्कत

उत्तर : त्या अ‍ॅपमध्ये जीमेलला 'पुश' (मेल आल्या आल्या फोनवर पोचणं) मिळत नाही, फोन ठरावीक वेळानं विचारून येतो. मेलच्या सेटिंगमधल्या 'फेच न्यू डेटा'मध्ये 15 मिनिटं निवडा. लगेच हवा असेल तर जीमेलचंच अ‍ॅप टाका.

प्रश्न : फोनवरून पाठवलेलं पत्र कॉम्प्युटरच्या 'सेंट'मध्ये दिसत नाही.
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर्व्हरवर 'सेंट', 'सेंट आयटम्स' आणि 'सेंट मेसेजेस' असे तीन फोल्डर झालेत का, ते वेबमेलमध्ये पाहा. एक पक्का करून प्रत्येक अ‍ॅपला तोच दाखवून द्या. आयफोनमध्ये ते अकाउंटच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये आहे.

प्रश्न : फक्त एका जुन्या कॉम्प्युटरवर 'सर्टिफिकेट वैध नाही' असं येतं. 'तरीही पुढे जा' म्हणू का?
— वाचक, मडगाव

उत्तर : नको. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र; त्यावर त्याचं नाव आणि मुदत असते. आधी कोपऱ्यातली तारीख पाहा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय; बहुतेक ठिकाणी तो सीआर 2032 असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. मशीन बंद करून, प्लग काढून तो बदला, तारीख-वेळ लावा. तारीख बरोबर असूनही तक्रार राहिली तर सर्व्हरचं नाव अक्षर न् अक्षर तपासा.