वाचकांचे प्रश्न: हाताने फिरवायचा ऑगर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट-ग्रिलच्या जोडीला आम्ही नर्सरीवाल्यांची आणि माती तपासणाऱ्यांची हत्यारं बनवतो. मातीत भोक पाडायच्या ऑगरबद्दल आलेली तीन पत्रं या वेळी एकत्र घेते आहे.

प्रश्न: ताई, आमची सोसायटी ऐरोलीत, खाडीच्या बाजूला आहे. पावसाळ्यात बागेत पाणी साचून राहतं. इंडोनेशियात जमिनीत १० सेंमी रुंद आणि १ मीटर खोल भोकं पाडून त्यात पालापाचोळा भरतात, तसं इथे करायचं ठरवलंय. लांब स्क्रूसारखं ऑगरचं पातं ऑनलाइन मागवलं आणि वर पाइपचं हँडल वेल्ड करून घेतलं. फूटभर बरं जातं. मग दोघांनाही फिरवता येत नाही आणि उपसताही येत नाही. मोठ्या मुश्किलीने काढलं तर पात्यांत माती गच्च ठासलेली आणि टोकाला काळा चिकट गाळ. आमची ताकद कमी पडते की हत्यार चुकलंय? (बाग समितीतले एक सभासद)

उत्तर: दादा, ताकदीचा प्रश्न नाही. तुम्ही आणलेलं पातं पेट्रोल मशिनचं आहे. मशिन जोरात फिरतं, माती बाहेरच्या बाजूला फेकली जाते आणि स्क्रूवरून वर सरकत राहते. हाताने आपण मिनिटाला पंधरा-वीस फेरे फिरवणार. त्या वेगाने माती वर चढतच नाही. ती स्क्रूच्या फेऱ्यांत ठासते आणि बाटलीला बूच बसावं तशी भोकात अडकते. पुढे तुम्ही माती कापत नसता, ते बूच भोकाच्या भिंतीवर घासत असता. पातं जितकं लांब तितकं हे घासणं जास्त. व्यास वाढवला तर अजून वाईट, कारण भिंतीवर घासण्याला लागणारा पीळ व्यासाच्या वर्गाने वाढतो. १० सेंमीच्या जागी १५ सेंमीचं भोक घ्या, मेहनत दीडपट न होता सव्वादोन पट होते.

म्हणून हाताच्या ऑगरला मी लांब स्क्रू कधीच लावत नाही. कापायचं डोकं जेमतेम वीतभर, त्याच्यावर नुसता पाइप. डच पद्धतीचं डोकं तुमच्या कामाला बरोबर बसेल: दोन वाकवलेल्या पट्ट्या, खाली एका टोकाशी जुळलेल्या, वर पाइपाला जोडलेल्या, मध्ये दोन्ही बाजूंनी उघड्या. नुसत्या चिकणमातीला पट्ट्या अरुंद ठेवतात. माती आपोआप धरून राहते आणि अंगठ्याने ढकलली की सुटते. मोकळ्या, भुसभुशीत मातीला रुंद पट्ट्या लागतात, नाहीतर वर आणेपर्यंत सगळी गळून जाते. तुमच्याकडे वर लाल माती-मुरमाचा भराव असणार, तेव्हा ५ मिमी जाडीच्या फ्लॅटमधून (लोखंडी पट्टीतून) ४५-५० मिमी रुंदीच्या पट्ट्या काढून घ्या.

बनवून घेताना दोन गोष्टी स्वतः तपासा. एक, खालच्या धारा वरच्या अंगापेक्षा दोन्ही बाजूंना ३-३ मिमी बाहेर हव्यात. तसं असलं की भोक अंगापेक्षा मोठं पडतं आणि वरचा भाग भिंतीला लागत नाही. दुसरी गोष्ट धारेच्या पाठीची, आणि बहुतेक ऑगर इथेच वाया जातात. ऑगर सपाट टेबलावर उभा धरा. टेबलाला टोक आणि धारा टेकायला हव्यात, धारेच्या मागे उजेड दिसायला हवा. मागची कड टेकत असेल तर ऑगर त्या कडेवर बसून गोल फिरत राहील, खाली उतरणार नाही. असा ऑगर माझ्याकडे परत परत दुरुस्तीला येतो; आणणारा म्हणतो धार गेली, आणि धार चांगली असते. ग्राइंडरने पाठ थोडी उतरवली की तोच ऑगर सरसर जातो.

आता उपसण्याबद्दल. तुमच्या भोकाच्या तळाचं क्षेत्रफळ जवळपास ७८ चौरस सेंमी आहे. ओल्या गाळात पातं घट्ट बसलं की त्याच्याखाली हवा शिरायला वाट राहत नाही, आणि हवेचा दाब दर चौरस सेंमीला साधारण १ किलो. म्हणजे मातीचं वजन धरलं नाही तरी ओढणाऱ्याच्या विरुद्ध ७८ किलोपर्यंत जोर लागू शकतो. डच डोकं बाजूंनी उघडं असतं म्हणून हा त्रास कमी होतो. तरी सवय अशी लावा: १०-१५ सेंमी खाली गेलं की थांबायचं, खाली न दाबता एक फेरा फिरवायचा म्हणजे तळाची माती तुटते, मग किंचित हलवत उचलायचं. एका खेपेला दोनेक किलो माती येईल. यापेक्षा जास्त आणायच्या मोहात पडू नका.

पाइप पाऊण इंची, सी क्लास (जाड भिंतीचा), काळा म्हणजे जस्ताचा मुलामा नसलेला घ्या. जीआय पाइप वेल्ड करताना जस्ताचा धूर होतो, तो वेल्डरच्या छातीत जातो. हँडल आडवं ६० सेंमी. दोन्ही हातांनी १५-१५ किलो जोर मधल्यापासून ३० सेंमीवर लावला की ९ किलोग्रॅम-मीटर पीळ मिळतो आणि १० सेंमीच्या भोकाला तो पुरतो. त्याहून लांब हँडल लावलं की माणूस आडवा-तिडवा जोर लावतो, पाइप वाकतो आणि भोक तिरकं जातं.

हत्याराइतकंच महत्त्वाचं एक सांगते. ही भोकांची पद्धत इंडोनेशियातल्या बोगोरच्या कृषी विद्यापीठातल्या कामिर ब्राता यांनी पुढे आणली. तिचं बळ भिंतीत आहे: १० सेंमी रुंद, १ मीटर खोल भोकाच्या भिंतीचं क्षेत्रफळ तळाच्या ४० पट भरतं, आणि पालापाचोळा खायला येणारी गांडुळं त्या भिंतीत बारीक वाटा करतात. पण भिंत पाणी पिणारी हवी. खाडीचा काळा गाळ पाणी जवळपास पीत नाही. शिवाय खाडीलगत जमिनीखालचं पाणी वर असतं, पावसात आणखी वर येतं. त्यामुळे काळा गाळ लागला तिथे तुमचं भोक संपलं असं समजा, मग ते दोन फूट का असेना. एक भोक पाडून रात्रभर उघडं ठेवा. सकाळी त्यात खालून पाणी आलेलं असेल तर तेवढ्या खोलीवर पालापाचोळा कुजून वास मारेल, पाणी मुरणार नाही. खोली कमी झाली तर भोकांची संख्या वाढवा. मनापासून सांगते, एक मीटरचा आकडा गाठायच्या हट्टाने गाळात शिरू नका.

आणि सुरुवात करण्याआधी महावितरणची केबल, महानगर गॅसची लाइन आणि सोसायटीचे पाण्याचे पाइप कुठून गेलेत ते नकाशावर बघून घ्या. भोकाच्या तोंडाशी पीव्हीसी पाइपचा छोटा तुकडा आणि वर जाळी बसवा, मुलांचे पाय अडकायला नकोत.

प्रश्न: घोडबंदर रोडला डोंगराच्या पायथ्याशी आमची नर्सरी आहे. ऑगरच्या टोकाला स्क्रू आहे, तरी तो जागच्या जागी फिरतो. वजन दिलं तरी तेच. (एक नर्सरीचालक)

उत्तर: टोकाचा स्क्रू मऊ मातीत पातं खाली खेचतो. मुरमात त्याला पकड मिळत नाही, तो समोरची माती नुसती दळतो. स्क्रू कापून तिथे दोन फाट्यांचं चपटं टोक वेल्ड करून घ्या, ते मुरूम खरवडतं. मध्ये दगड लागला तर ऑगर बाहेर काढून पहारेने तो फोडा किंवा हलवा आणि मग पुन्हा ऑगर लावा. येऊरच्या बाजूचा घट्ट मुरूम खाली बेसॉल्टला जाऊन मिळतो. तिथे हाताचा ऑगर चालणार नाही, जागा फूटभर सरकवा. वजन देऊन उपयोग नाही, उलट पाइप वाकेल.

प्रश्न: मी नवी मुंबईत सिव्हिल डिप्लोमाला आहे. प्रोजेक्टसाठी माती तपासणीचा ऑगर बनवतेय. पाती ट्रकच्या जुन्या पाट्यातून (स्प्रिंगच्या पट्टीतून) काढली आणि पाइपाला वेल्ड केली. पहिल्याच दिवशी वेल्डच्या शेजारी पातं तुटलं. वेल्ड मात्र शाबूत आहे. आणि जोडाचे पाइप आटे पाडून जोडू का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर: बाळा, पाट्याची निवड चांगली आहे, मुरमात तो एमएस फ्लॅटपेक्षा (साध्या लोखंडी पट्टीपेक्षा) कितीतरी टिकतो. पण त्यात कार्बन जास्त असतो. थंड पाट्यावर वेल्ड मारला की शेजारची पट्टी झटकन गार होऊन ठिसूळ होते आणि तिथूनच तुटते. पुढच्या वेळी वेल्डच्या आधी पातं सगळीकडून सारखं तापव. पाण्याचा थेंब टाकला की तो न चिकटता नाचत सुटला पाहिजे, म्हणजे दोनशे अंशांच्या वर गेलं. वेल्डिंगचा रॉड ७०१८ नंबरचा वापर, कोरडा आणि भट्टीत तापवलेला. वेल्ड झाल्यावर पाणी मारू नकोस, वाऱ्यातही ठेवू नकोस. कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर राहू दे.

मऊ मातीत हाताच्या ऑगरने पाच-सहा मीटर जाता येतं, तेव्हा मीटर-मीटरचे जोड करून ठेव. आट्यांचे जोड करू नकोस. उजव्या आट्याचा जोड भोक पाडताना घट्ट होत जातो, पण अडकलेला ऑगर सोडवायला उलटा फिरवलास की वरचा पाइप हातात येईल आणि पातं खाली राहील. बाहेर बाही, आत पाइप आणि दोन्हींतून आरपार १० मिमीची पिन, असा जोड कर. पिनेला तारेची कडी लाव, चिखलात पडली तर सापडत नाही.