रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं कुठे?

"मॅडम, एक्स-रे नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. घरचे म्हणतात, सगळं तुझ्या मनात आहे. म्हणून तुमच्याकडे आले."

कळव्याच्या या ताई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) ऐरोलीत एका कंपनीत हिशेबाचं काम करतात. माझ्यासमोर समुपदेशनाला बसल्या त्याही खुर्चीच्या टोकावर. पर्स मांडीवर घट्ट, खांदे कानांना भिडलेले, कमरेला पट्टा. सासूबाईंचं पालुपद, "पोक काढू नकोस, ताठ बस." नवरा सलूनमध्ये मान कडकन मोडून घेतो, तोच उपाय त्याने यांनाही सुचवला होता. त्याला मी लगेच नाही म्हटलं. अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून क्वचित पक्षाघातही होतो.

दुखणं खरंच आहे, हे मी आधी सांगितलं. एमआरआयमध्ये मणके, त्यांच्यामधल्या चकत्या दिसतात. दिवसभर आवळून धरलेल्या स्नायूंचा ताण आणि मज्जासंस्थेचा अतिसावधपणा दिसत नाही. डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिली होती, पण "हाताने चोळून काय होणार" म्हणून ती चिठ्ठी पर्समध्येच पडून होती. मी म्हटलं, जाऊन तर बघा.

नौपाड्यातल्या फिजिओकडून आल्यावर त्यांनी सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटलं. "तिने कवटीच्या खाली बोटं टेकवली आणि नुसती थांबली. थोड्या वेळाने खांदा आपोआप खाली आला. तो वर होता हेच मला ठाऊक नव्हतं!" पुढे टीम लीडरचा फोन आला की खांदे चढतात, हेही त्यांच्याच लक्षात आलं. तिथून आमचं बोलणं खरं सुरू झालं.

हाताच्या उपचाराने मणका 'जागेवर बसत' नाही, पोकही कायमचा जात नाही. आवळून धरलेले स्नायू सैल होतात, दुखणं काही तास, काही दिवस उतरतं. तेवढ्या अवधीत व्यायाम सुरू करायचा, नाहीतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जुनाट कंबरदुखीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांतही व्यायाम, मसाज, मानसोपचार यांना जागा आहे. पट्टा मात्र सरसकट वापरू नका, असं म्हटलंय. ताईंना हे जड गेलं, पट्टा चांगलाच महाग होता! फिजिओशी बोलून त्यांनी तो हळूहळू सोडला. आणि ताठ बसण्याच्या अट्टहासापेक्षा दर अर्ध्या तासाने उठणं बरं, हे सासूबाईंनाही ऐकवलं म्हणे.

पहिल्याच भेटीत मोठं पॅकेज गळ्यात मारणाऱ्याकडे, किंवा व्यायामाचं नावही न काढणाऱ्याकडे मी कुणाला पाठवत नाही. आणि पायातली ताकद कमी होत असेल, जांघेत बधिरपणा आला असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मसाजही नको आणि माझी अपॉइंटमेंटही नको. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.