वावर आताच नावावर करून द्यावे काय?

प्रश्न : माझे वय 71 वर्षे आहे. आर्वी तालुक्यात माझे नऊ एकर वावर असून त्यातले पाच एकर वडिलांकडून आलेले आहे आणि चार एकर मी 1988 मध्ये विकत घेतले. मोठा मुलगा नागपूरला नोकरी करतो, धाकटा माझ्यासोबत शेती पाहतो, मुलगी हिंगणघाटला दिली आहे. आपल्या नावाने पीककर्ज मिळावे म्हणून सगळे वावर बक्षीसपत्राने आताच नावावर करून द्या, खर्च दोनशे रुपयांचाच आहे, असे धाकटा म्हणतो. वकीलसाहेब, काय करावे?
— एक कास्तकार, जि. वर्धा

उत्तर : दोनशे रुपयांची गोष्ट खरी आहे. महाराष्ट्रात शेतजमीन किंवा राहते घर मुलामुलींना, पती-पत्नीला अथवा नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये लागते. नोंदणीचा आणि लिखाणाचा खर्च वेगळा. परंतु बक्षीसपत्र नोंदले गेले आणि मुलाने ते स्वीकारले की जमीन त्याची होते, आणि पुढे त्याने ती गहाण टाकली किंवा विकली तरी आपली परवानगी घेण्याचे बंधन त्याच्यावर राहत नाही. सातबाऱ्यावरून आपले नाव गेले की आपले पीककर्ज आणि पीएम किसानचे वर्षाचे 6000 रुपयेही जातात, हे मुलाने कदाचित सांगितले नसेल.

त्याआधी पाच एकरांचा प्रश्न सोडवावा लागेल. हे वावर वडिलांनी स्वतः कमावले होते की आजोबांपासून चालत आले, हे जुने फेरफार आणि 1954-55 चा अधिकार अभिलेख काढून पाहा. ते एकत्र कुटुंबाचे असेल तर दोन्ही मुलांचा आणि मुलीचा त्यात जन्मतः हक्क आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती लागू झाली त्या 9 सप्टेंबर 2005 रोजी मुलीचे वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हा हक्क कायम राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. अशा वावरातील न वाटलेला हिस्सा इतर हिस्सेदारांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. मृत्युपत्राने मात्र आपण आपल्या हिश्शाची व्यवस्था लावू शकता. मुलीचे लग्न लावून दिले म्हणजे तिचा वाटा चुकता झाला, ही आपल्याकडची समजूत कायद्याला मान्य नाही.

विकत घेतलेल्या चार एकरांवर आपला पूर्ण अधिकार आहे. धाकट्याला कर्जाची खरोखरच गरज असेल, तर माझ्या मते त्यातले एक-दोन एकर द्यावेत आणि बाकीचे आपल्या नावावर ठेवावे. बक्षीसपत्रात मात्र ‘मुलगा आई-वडिलांचे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी हयातीपर्यंत पाहील’ ही अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम 23 नुसार, अशी अट घालून दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने ती पाळली नाही तर हस्तांतरण रद्द ठरवता येते. त्यासाठी देणाऱ्याचे वय 60 पूर्ण असावे लागते. दस्तलेखक नेहमीचा मसुदा पुढे करतात, त्यात ही ओळ बहुधा नसते. घरच्या माणसाकडून असे काय लिहून घ्यायचे, हा संकोच मी समजू शकतो, पण जो मुलगा सांभाळणारच आहे त्याला ही ओळ जड जाण्याचे कारण नाही.

उरलेल्या जमिनीसाठी मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, हयातीत ते कितीही वेळा बदलता येते. तरीही दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि त्याच सुमारास प्रकृती व मनःस्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला घ्या. आपल्या समक्ष सही करणारे दोन साक्षीदार आवश्यक आहेत. ते आपल्याहून तरुण आणि लाभ न मिळणारे असावेत, कारण वाद झालाच तर त्यांच्यापैकी एकाला न्यायालयात साक्ष द्यावी लागते. गट क्रमांक आणि चतुःसीमा न चुकता लिहा. आपल्या पत्रात पत्नीचा उल्लेख नाही. त्या हयात असतील तर निदान विहिरीजवळचा तुकडा आणि घर त्यांच्या वाट्याला येईल असे पाहा.

प्रश्न : मी विधवा आहे. मागच्या वर्षी तीन एकर वावर आणि गावठाणातले घर थोरल्या मुलाला बक्षीसपत्राने दिले. अट काही लिहिली नाही. आता तो खायला घालत नाही, म्हणून मी मुलीकडे राहते. वावर परत मिळेल काय?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : आपले वय 60 च्या वर आहे असे धरून लिहितो. अट लिहिलेली नसल्याने वर सांगितलेल्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 ची वाट अवघड आहे, बंद नाही. अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले; 2 जानेवारी 2025 च्या निकालात मात्र हा कायदा वृद्धांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे सांगून एका आईचे बक्षीसपत्र रद्द ठरवले. त्या प्रकरणात सांभाळ करण्याचे वचन मुलाने वेगळ्या कागदावर लिहून दिले होते. तशी एखादी चिठ्ठी आपल्याकडे आहे काय, ते पाहा.

वावराचा निकाल काहीही लागो, निर्वाह भत्ता मागण्याचा आपला हक्क त्यावर अवलंबून नाही. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज द्या. भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये आहे, आणि अर्ज 90 दिवसांत, फार तर आणखी 30 दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. आपण सध्या मुलीकडे राहता, त्यामुळे तिच्या जिल्ह्यातही हा अर्ज करता येईल.