फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या टार्गेटेड गोळ्यांबद्दल आपल्याकडच्या डॉक्टरांना पुरेसं माहीत असतं का?

कॅन्सरचंच काम करणाऱ्यांना असतं. टार्गेटेड गोळी म्हणजे कॅन्सरच्या जनुकातल्या ठराविक बदलावरच काम करणारी गोळी. ईजीएफआर या जनुकात बदल असलेल्या पेशंटला त्यावरची नुसती जेफिटिनिब ही गोळी दिली तर आजार साधारण 8 महिने आटोक्यात राहतो, सोबत किमो दिली तर 16, हे 2019 साली टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी दाखवून दिलं. अडचण तालुक्याच्या गावात आहे, जिथे एकच डॉक्टर सगळं बघतात.

आमच्या आत्याने जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. खोकला जाईना, एक्स-रेत डाग दिसला, थुंकीत काही सापडलं नाही, तरी टीबीचा कोर्स सुरू झाला. वजन उतरत गेलं. पुढे छातीत पाणी झालं, ते तपासलं तेव्हा अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, निघाला. तिथल्या डॉक्टरांनी लगेच जेफिटिनिब लिहून दिली. म्हणाले, बाईमाणूस, सिगारेट नाही, गोळी लागू पडणारच, तपासणीत पैसे कशाला घालता? थोरल्या काकांना ते पटलं. माझं आणि त्यांचं भर घरात वाजलं. आत्या शेजारी बसून ऐकत होती, शेवटी तीच म्हणाली, "तपासू दे रे तिला."

लॅबकडून ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला पेशींचा नमुना, मागून घेतला आणि ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ या तिन्ही जनुकांतले बदल तपासायला पाठवला. ईजीएफआर निगेटिव्ह, एएलके पॉझिटिव्ह! म्हणजे लिहून दिलेली गोळी तिच्या कामाचीच नव्हती. आता ती एएलकेवरच्या अॅलेक्टिनिब या गोळीवर आहे. सकाळी जेवणावर चार कॅप्सूल, रात्री जेवणावर चार. ऊन सोसत नाही म्हणून अंगणात जातानाही डोक्यावरून पदर घेते, बाकी स्वयंपाक तिचाच.

काका अजून म्हणतात, कुठलीही गोळी लागू पडली असती. काका, 2009 च्या आयपास अभ्यासात आत्यासारखेच पेशंट होते, आशियातले, सिगारेट न ओढणारे किंवा अगदी थोडी ओढून सोडलेले. ज्यांच्यात ईजीएफआरचा बदल नव्हता, त्यांचा आजार जेफिटिनिबवर दीड महिन्यात वाढला, किमोवर साडेपाच महिन्यांनी. न तपासता गोळी देणं म्हणजे अंदाजाने औषध देणं, मग डॉक्टर कितीही अनुभवी असोत.

तुमच्या घरात पेशंट असेल तर रिपोर्टात नुसतं 'ईजीएफआर पॉझिटिव्ह' वाचून थांबू नका, बदल कुठल्या एक्झॉनमध्ये, म्हणजे जनुकाच्या कुठल्या भागात, ते विचारा. एक्झॉन १९ च्या डिलीशनला (तुकडा गळालेला असतो) जेफिटिनिब चालते, एक्झॉन २० च्या बहुतेक इन्सर्शनना (जादा तुकडा घुसलेला असतो) नाही. जेफिटिनिब किंवा अर्लोटिनिब चालू असताना पित्तावर सवयीने पॅन्टोप्राझोल घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, त्याने गोळी अंगात कमी उतरते. पहिली गोळी चालेनाशी झाली की पुन्हा तपासणीचा आग्रह धरा.

मी डॉक्टर नाही. पेशंटला दम लागत असेल, तब्येत झपाट्याने ढासळत असेल तर रिपोर्टची वाट न बघता किमो सुरू करावी लागते, आणि तेव्हा डॉक्टरांशी वाद घालत बसू नका.