माहीमचं पाणी तसं गोड झालंच होतं

समोरचा ठामपणे काही सांगत असेल तर त्यातलं कितपत खरं मानायचं, आणि पटलं नाही तर नातं न बिघडवता उत्तर काय द्यायचं, असं तुम्ही विचारलंय. मी माहीमचा, त्यामुळे ऑगस्ट २००६ आठवतो.

समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून रात्री किनाऱ्यावर तोबा गर्दी लोटली होती. आमच्या मजल्यावरचे काका प्लॅस्टिकची बाटली भरून घेऊन आले, तळाशी काळपट गाळ. "चाखून बघ रे!" मी म्हटलं, "काहीतरीच काय काका, समुद्र कधी गोड होतो का?" तेही त्यांच्या सुनेसमोर. काका मुकाट्याने बाटली घेऊन आत गेले.

चुकलो मीच. भर पावसाळा, आणि मिठी नदी माहीमच्याच खाडीला येऊन मिळते. तिचं पाणी मिसळलं की किनाऱ्याजवळचा खारटपणा उतरतो. म्हणजे काकांच्या जिभेला लागलं ते खरंच असणार. 'चमत्कार झालाय, प्यायलं की दुखणी जातात' हे मात्र जिभेचं नव्हतं, गर्दीचं होतं. आणि मिठी सोबत किती घाण घेऊन येते हे मुंबईकराला सांगायला नको. "चव बदललीय खरी, पण पोटात घालू नका", एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. मी नको तिथेच शंका घेतली.

तेव्हापासून कुणी काही सांगितलं की आधी बघतो, ह्यातलं ह्याने पाहिलेलं किती आणि वर जोडलेलं किती. विचारतोही. पण "तुम्ही पाहिलंत का?" हे पोलिसी आवाजात विचारलंत तर माणूस तिथेच अडून बसतो. मी "कुठे पाहिलंत, कधी?" असं विचारतो. माणूस मग आपणहून सांगतो की मेहुण्याच्या मित्राने पाठवलं होतं.

'कुठे' तर विचाराच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३. कुलाब्याचा माणूस "एवढा काही नव्हता हो" म्हणाला आणि सांताक्रूझजवळच्या कलिन्याचा "गळ्यापर्यंत पाणी होतं" म्हणाला, तर दोघांपैकी खोटारडा कुणीच नाही.

पैशाचा मामला असेल तर मात्र एवढा विचार करायचा नाही, कागद मागायचा. फ्लॅट दाखवणारा एजंट "सगळ्या परवानग्या हातात आहेत" म्हणाला की मी महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर विचारतो. अगदी छोटे प्रकल्प सोडले तर नोंदणीशिवाय जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही, आणि नंबर महारेराच्या साइटवर घरबसल्या तपासता येतो. "नंबर दोन दिवसांत येतोय" असं उत्तर आलं तर चेकबुक खिशातच ठेवा.

राहिला घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे चारचौघांत मी कुणाला खोडत नाही, सरळ फोन करतो. काही जण मेसेज काढून टाकतात, काही नाही काढत. औषधाचा किंवा पैशाचा विषय नसेल तर मीही सोडून देतो. तेवढ्यावरून गणपतीत मोदक वाढताना आत्या तोंड फिरवणार असेल तर परवडत नाही.