केळी सोललेल्या हातानं साखर मोजली तर?

प्रश्न : बाबांना आठ वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. केळी आमच्या मळ्यातलीच. परवा दुपारी त्यांनी नातवंडांना केळी सोलून दिली, स्वतः एक घासही खाल्ला नाही, आणि लगेच मशीनवर 286! सकाळी उपाशीपोटी 128 होती. केळी घरात आणणंच बंद करावं का? भाकरी मात्र ते कळण्याचीच (ज्वारी-उडदाच्या पिठाची) खातात, दोन्ही वेळा तीन-तीन. (यावल)

उत्तर : मोजण्याआधी बाबांनी हात धुतले होते का, ते विचारा. पट्टीला रक्त लागतं ते मोहरीच्या दाण्याएवढं. बोटावर वाळलेला केळ्याचा चिकटा त्यात मिसळला की मशीन केळ्याची साखरही मोजून टाकतं. स्पिरिटचा बोळा फिरवून ही साखर पुरती निघत नाही, साबण-पाणीच हवं. मग हात नीट पुसा, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होतो आणि आकडा खाली येतो. मळ्यात पाणी जवळ नसेल तर पहिला थेंब पुसून टाका आणि दुसरा पट्टीला लावा. सुई बोटाच्या कडेला टोचा, मधोमध टोचलं की दुखतं जास्त. रक्त येत नाही म्हणून बोट पिळू नका, हात खाली सोडून थोडा झटका. जेवणानंतरची साखर मोजताना दोन तास पहिल्या घासापासून धरायचे, जेवून हात धुतल्यापासून नाही. बहुतेकांना उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आत ठेवायला सांगतात. वय फार असेल किंवा साखर एकदम उतरत असेल तर डॉक्टर ही मर्यादा सैल करतात.

आता भाकरीचं. केळ्यावर सगळ्यांचा डोळा, भाकरीला मात्र कुणी बोलत नाही! एका भाकरीला 60-70 ग्रॅम पीठ धरलं तर त्यात 45 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. कळण्यात उडीद असल्यामुळे प्रथिनं वाढतात, ती नुसत्या ज्वारीपेक्षा बरी, पण तीन भाकऱ्या म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या वर कर्बोदकं एका बैठकीत. सोललेलं 100 ग्रॅमचं केळं त्यापुढे 23 ग्रॅमचं. तुमच्याकडचं केळं मात्र सोलून दीडशे ग्रॅमही भरतं, म्हणून अर्धंच. तेही जेवणावर वरून नको. चार वाजता मूठभर शेंगदाण्यांबरोबर खावं, सालीवर काळे ठिपके पडण्याआधीचं. भाकरी दीडवर आणा आणि ताटात आधी भरीत, कांद्याची पात, वरण संपवून मगच तिला हात लावा. भरतावर तेलाचा तवंग नको, एवढंच.

प्रश्न : माझी माय इन्सुलिन घेते. मे महिन्यात इथं पारा 45 ला टेकतो, लाइट तासन्‌तास नसते. बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर जास्त टिकेल का? (भुसावळ)

उत्तर : अजिबात नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही कामाचं राहत नाही, फेकून द्या. न उघडलेली बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, 2 ते 8 अंशांत. चालू बाटली 30 अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते. आपल्या इन्सुलिनची नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर बघा आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवा.

फ्रिजचा भरवसा नसेल तेव्हा मातीचं मडकं कामाला येतं. पसरट घमेल्यात चार बोटं वाळू घाला, ती भिजवा, तीवर छोटं मडकं ठेवा. बाटली झाकणाच्या डबीत घालून मडक्यात ठेवायची, म्हणजे लेबल भिजत नाही. वरून ओलं फडकं. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी, जागा सावलीची आणि वारा लागणारी. कोपऱ्यात कोंडलेलं मडकं गार होत नाही, कारण पाण्याची वाफ व्हायला वारा लागतो. म्हणूनच एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत हा उपाय चांगला चालतो आणि पाऊस सुरू झाला की मंदावतो. आत छोटा थर्मामीटर ठेवलात तर अंदाजावर राहावं लागणार नाही.

स्वच्छ पाण्यासारखं इन्सुलिन गढूळ दिसलं, किंवा दुधाळ इन्सुलिन हलक्या हातानं फिरवूनही गुठळ्या राहिल्या, की बाटली बाद. गाडीच्या डिक्कीत तर कधीच नको.

आणखी एक. उन्हात कातडीखालचा रक्तपुरवठा वाढतो, तेच इन्सुलिन लवकर भिनतं. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं तर लगेच मोजा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी परत मोजा. मशीन जवळ नसेल तर थांबू नका, आधी साखर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, दवाखाना गाठा.

प्रश्न : आखाजीला (अक्षय तृतीयेला) पुरणपोळी गुळाची केली आणि आमरसात साखर घातली नाही, तर चालेल ना? (शिरपूर)

उत्तर : गूळ आणि साखर यांतला फरक जिभेला कळतो, रक्ताला फारसा नाही. बिनसाखरेच्या वाटीभर रसातही 20-25 ग्रॅम साखर आंब्याचीच असते. खापरावरच्या मांड्याचा (मोठ्या पुरणपोळीचा) पाव भाग किंवा अर्धी वाटी रस, दोन्हींपैकी एक घ्या, आणि त्या जेवणात भाकरी-भात नको. ‘आज गोड झालं, एक गोळी जास्त घेते’ हा हिशेब मनानं करू नका.

प्रश्न : तळपाय बधिर आहेत, कापसावर चालल्यासारखं वाटतं. शेतातून आलो की गरम पाण्यात पाय घालून बसतो, बरं वाटतं. (पारोळा)

उत्तर : भाऊ, ते गरम पाणी आजच बंद करा. बधिर पायाला चटका कळत नाही. फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी. कोमट पाण्यानंच पाय धुवा, आणि पाणी कसं आहे ते कोपरानं किंवा घरच्यांच्या हातानं बघा. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा. भेगांना खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा, पण बेचक्यांत नाही, तिथं ओल राहून चिखल्या होतात. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून रोज बघा. कपाशीच्या रानात अनवाणी जाऊ नका. बूट घालण्याआधी उलटा करून झटका, पऱ्हाटीचा खुंट आत असला तर पायाला कळणार नाही. कुरूप ब्लेडनं कापू नका.

मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 तपासून घ्या, ते कमी झाल्यानंही पाय बधिर होतात. पायाच्या नसांची तपासणी वर्षातून एकदा तरी हवी, तुमच्या बाबतीत आता लगेच. जखमेभोवती लाली, सूज किंवा वास आला, बोट काळं पडायला लागलं, तर हळद भरून वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, दुखत नसलं तरी.